कापसाच्या दोन टोकांचं गाणं

प्रस्तावना

काही गाणी ऐकताना पाय आपसूक ठेका धरतो, ओठांवर हसू येतं आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या कडव्याला ध्यानात येतं, की हे तर मरणाविषयी चाललं आहे. तोवर गाणं तोंडात बसलेलं असतं. या पुस्तकाचा विषय तीच गाणी आहेत. त्यांतली काही मँचेस्टरच्या 'द स्मिथ्स' या बँडच्या 'द क्वीन इज डेड' या 1986 सालच्या अल्बममधली आहेत. काही यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांतली आहेत: पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या आणि बोरी अरबच्या शंकर बडे यांची वऱ्हाडी कविता. गिटारवाल्या इंग्रजी बँडला आणि बैलांच्या सणाला एका पुस्तकात का बसवलं, असा प्रश्न वाचकाला पडणारच. त्याचं उत्तर पुस्तक उघडण्याआधी देणं हे माझं काम आहे.

सुरुवात पोळ्यापासून करू. श्रावणातल्या अमावस्येला विदर्भातल्या गावोगावी बैल सजवून आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली आणतात. मानाच्या बैलानं तोरण तोडायच्या आधी झडत्या सुरू होतात. एक जण पुढे होऊन यमकात बांधलेल्या चार ओळी मोठ्यानं म्हणतो आणि शेवटाला सगळा जमाव हर हर महादेवचा गजर करतो. पाहुण्याला हा देवाधर्माचा कार्यक्रम वाटेल. कान देऊन ऐकलं तर कळतं, की त्या चार ओळींत सावकार असतो, सरपंच असतो, खताचा भाव असतो, न मिळालेली नुकसानभरपाई असते. वर्षभर ज्याच्यासमोर मान खाली घालून उभं राहावं लागतं, त्याचं नाव घेऊन त्या दिवशी सगळ्या गावासमोर टोला हाणता येतो. ज्याला टोला बसतो त्यालाही हसावंच लागतं, कारण सारं गाव हसत असतं. ढोल वाजत असतो, बैल फुरफुरत असतात, आणि पीक हातचं गेलेला कास्तकार आपलं गाऱ्हाणं सणाच्या ठेक्यावर मांडून मोकळा होतो.

या ठेक्याला ज्यांनी कवितेत आणलं, त्यांत शंकर बडे यांचं नाव मी पहिलं घेतो. दारव्हा तालुक्यातलं बोरी अरब हे त्यांचं गाव. 1947 ते 2016 हा त्यांचा काळ. 'इरवा', 'सगुन', 'मुगुट' हे त्यांचे कवितासंग्रह आणि 'बॅरिस्टर गुलब्या' हा त्यांचा एकपात्री प्रयोग विदर्भातल्या रसिकांच्या चांगल्या परिचयाचा. वऱ्हाडी बोलीतला त्यांचा कार्यक्रम म्हटला की लोक हसायलाच येत, आणि बडे त्यांना हसवतही. पण ते कशावर हसवत होते, हे पाहण्यासारखं आहे. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कवितेत पावसाची तक्रार आहे आणि पाठोपाठच्या ओळीत नागो नावाचा एक बुढा पुरात वाहून गेल्याची बातमी आहे. बातमीचा सूर पारावरच्या गप्पांचा आहे. कवी आवाज खाली आणत नाही, लय मंद करत नाही, श्रोत्याला गंभीर व्हायला सवड देत नाही. एक माणूस गेला हे आपण डोलत डोलत ऐकतो, हसतो, आणि हसू आटोपण्याच्या आतच पुढच्या ओळीत सापडतो. पाठ करायला सोपी, म्हणायला गोड, अशी ही कविता आहे. म्हणूनच कधी कवितेचं पुस्तक हाती न धरलेल्या माणसांनीही ती तोंडपाठ केली.

आता मँचेस्टरकडे जाऊ. तिथे जायची वाट यवतमाळच्या रानातूनच निघते आणि ती कापसाची आहे.

1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतली बंदरं नाकेबंदीत अडकली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस थांबला. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांची नजर हिंदुस्थानच्या काळ्या मातीवर खिळली. मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले. वऱ्हाडात ज्वारीच्या रानात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उभी राहू लागली. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. पण पऱ्हाटी रानात राहिली. 1867 पर्यंत लोहमार्ग नागपूरला पोचला आणि वऱ्हाडातून मुंबईच्या गोदीपर्यंतची वाट पक्की झाली. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, जिला सारा मुलूख 'शकुंतला' म्हणून ओळखतो. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या कारभारातली ही गाडी मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठी होती. यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि मुंबईहून बोटीनं लँकेशायरला जाई. तिला सुमारे 70 वर्षं ओढणारं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरलाच बांधलेलं होतं. 1994 च्या एप्रिलमध्ये त्याची जागा डिझेल इंजिनानं घेतली.

कापसाच्या या दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं? 1861 ते 1865 या काळाला लँकेशायरमध्ये कापसाचा दुष्काळ म्हणतात. गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगार घरी बसले, मदतकेंद्रांपुढे रांगा लागल्या. ज्या गिरण्या कशाबशा चालत, तिथे हिंदुस्थानचा कापूस येई. मुंबई बंदरातून आलेल्या साऱ्याच कापसाला तिथले लोक 'सुरत' म्हणत. आखूड धाग्याचा, कचरामिश्रित, सतत तुटणारा. मागावर दिवसभर धागे जोडत बसायचं आणि कापड कमी निघालं म्हणून मजुरीही कमी घ्यायची. लँकेशायरच्या विणकऱ्यांना हा कापूस शत्रूसारखा वाटे. स्टेलीब्रिजच्या गिरणीत काम केलेला सॅम्युअल लेकॉक नावाचा कवी त्या दिवसांत आपल्या बोलीत गाणी लिहीत होता. ती सुट्या कागदांवर छापून विकली जात, लोक ती रस्त्यावर गात. त्यातलं एक गाणं या सुरत कापसावर वैतागलेल्या विणकराचं आहे, आणि ते म्हणायचं एका ओळखीच्या, उड्या मारत जाणाऱ्या आयरिश चालीवर. दुसऱ्या एका कवितेत बाप नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं स्वागत करतो आणि त्याच दमात त्याला सांगतो, की घरात खायला काही नसताना तू आलास. प्रमाण इंग्रजीत हे लिहिलं असतं तर रडकं झालं असतं. बोलीनं त्याला मिस्कील केलं आणि मिस्कीलपणानं त्याला खरं केलं.

मला या पुस्तकाकडे आणणारी गोष्ट ती हीच. एकाच पिकाच्या दोन टोकांना, एकमेकांची नावंही ठाऊक नसलेल्या माणसांनी, आपापल्या बोलीत एकाच जातीचं गाणं रचलं. त्यांच्यात उसनवारी झाली नव्हती. सारखी होती ती परिस्थिती: कष्ट इथे करायचे आणि त्यांचं मोल ठरणार सातासमुद्रापलीकडे. ज्याच्या हाती भाव नाही, त्याच्या हाती निदान सांगण्याचा सूर तरी उरतो, आणि तो सूर त्यानं जपून ठेवला.

लेकॉकच्या त्या गाण्यांनंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी त्याच भूभागात 'द स्मिथ्स' उभे राहिले. 1982 साल. ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या 30 लाखांवर गेली होती. गिरण्यांचं मँचेस्टर ओस पडलेलं होतं. स्टीव्हन मॉरिसी शब्द लिही आणि गाई, जॉनी मार चाली बांधी आणि गिटार वाजवी. अँडी रूर्क बेसवर, माइक जॉइस ड्रमवर. मोठ्या कंपनीऐवजी 'रफ ट्रेड' या छोट्या स्वतंत्र लेबलकडून त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या. 'इंडी' या शब्दामागे हीच पार्श्वभूमी आहे: मोठ्या भांडवलाच्या बाहेर राहून काढलेलं संगीत. पाच वर्षांत चार अल्बम काढून 1987 मध्ये बँड मोडला. जून 1986 मध्ये आलेला 'द क्वीन इज डेड' हा त्यातला तिसरा. 'एनएमई' या ब्रिटिश संगीतपत्रानं 2013 मध्ये त्याला आजवरचा सर्वश्रेष्ठ अल्बम ठरवलं.

हा अल्बम उघडतो तोच एका जुन्या गाण्याच्या तुकड्यानं. 1916 मधलं, पहिल्या महायुद्धात खंदकांत अडकलेल्या सैनिकांना घरी नेण्याची विनवणी करणारं ते गाणं. चाल मात्र नाटकगृहात टाळ्या घेणारी. मॉरिसीनं आपण कोणाचे वारस आहोत हे असं पहिल्या काही सेकंदांत सांगून टाकलं. पुढे 'फ्रँकली मिस्टर शँकली' येतं: नोकरीत कुजत असलेला माणूस साहेबाला राजीनामा देतो आहे आणि संगीत जत्रेतल्यासारखं उड्या मारतं आहे. 'सिमेटरी गेट्स' मध्ये दोन मित्र उन्हाच्या दिवशी स्मशानात फिरायला जातात. थडग्यांवरची नावं वाचून त्यांना वाईट वाटतं, आणि त्यातून कीट्स, येट्स की ऑस्कर वाइल्ड, कोण कोणाच्या बाजूला, असा वाद रंगतो. गिटार झऱ्यासारखी खळखळत असते. आणि 'देअर इज अ लाइट दॅट नेव्हर गोज आउट' मध्ये, ज्याला घर नाही असा एक पोरगा गाडीत प्रिय व्यक्तीच्या शेजारी बसून म्हणतो, की आत्ता एखादी दुमजली बस येऊन आपल्याला चिरडून गेली, तरी तुझ्या शेजारी मरणं हे भाग्यच. कल्पना भयंकर आहे, किंचित हास्यास्पदही आहे. पण चाल इतकी गोड, तंतुवाद्यांसारखे सूर इतके उदार, की हजारोंचा जमाव ते गाणं एका आवाजात म्हणतो.

मारच्या गिटारचं काम इथे समजून घ्यायला हवं. तो जड, गोंगाटी रॉक वाजवत नाही. एकेक तार सुटी छेडत, उंच आणि चमकदार आवाजात, तो गाण्याला सतत पुढे ढकलत राहतो. शब्द खाली ओढतात, गिटार वर उचलते, आणि मॉरिसीचा लांबवलेला, अर्धवट हुंदक्याचा आवाज या दोन्हींच्या मधोमध तरंगतो. कोणताही एक भाग काढला तर गाणं कोसळतं. नुसते शब्द वाचले तर ते रडगाणं वाटेल आणि नुसती चाल ऐकली तर ती विसरली जाईल. याच अल्बमवर 'आय नो इट्स ओव्हर' हे संथ, काळोखं गाणंही आहे. तिथे दिलासा देणारा ठेका नाही. ते गाणं इतकं झोंबतं ते शेजारच्या हलक्या गाण्यांमुळेच.

मग प्रश्न येतो, हे असं का करायचं? दुःख दुःखासारखं का सांगू नये? याची दोन कारणं मला महत्त्वाची वाटतात.

पहिलं कारण मानाचं आहे. यवतमाळबद्दल बाहेरच्यांनी गेल्या काही दशकांत पुष्कळ सांगितलं. या जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. महाराष्ट्रात जाहीरपणे नोंदली गेलेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते, आणि 2017 पासून त्या तारखेला राज्यात ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात यवतमाळ होतं. 2017 च्या पावसाळ्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन इथे 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. प्रत्येक वेळी कॅमेरे आले, आकडे छापले गेले, हळहळ व्यक्त झाली. हळहळीत वाईट काही नाही. पण ज्याच्याविषयी सतत हळहळलं जातं, तो माणूस हळूहळू स्वतःच्याच कहाणीत मुका होतो. विनोद त्याला पुन्हा बोलता करतो. झडती म्हणणारा कास्तकार सांगतो, की माझ्यावर काय गुदरलं आहे ते मला तुमच्याहून चांगलं कळतं आणि ते कोणत्या सुरात सांगायचं तेही मीच ठरवणार.

दुसरं कारण चालीचं आहे. अहवाल वाचला जातो आणि कपाटात जातो. सोपी चाल मात्र दुसऱ्याच्या तोंडात जाऊन बसते. कवी विठ्ठल वाघ यांचं तिफणीचं गाणं 1981 च्या 'अरे संसार संसार' या चित्रपटातून महाराष्ट्रभर गेलं आणि ज्या मुलांनी कधी तिफण पाहिली नाही, ती शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यावर नाचली. नाचताना त्यांनी पेरणाऱ्या माणसाचे कष्ट आपल्या तोंडानं उच्चारले. अर्थ त्यांना पुढे कधीतरी कळेल. गाणं तोवर वाट बघू शकतं, हे त्याचं मोठं बळ आहे. हिंदीत 2010 च्या 'पीपली लाइव्ह' मध्ये महागाईवरचं गाणं गावच्या भजनी मंडळाच्या ढोलक-झांजांवर आलं आणि शेतकऱ्याच्या मरणावरचा तो चित्रपट न पाहिलेल्यांच्याही तोंडी ते रुळलं.

या जातीच्या गाण्याला एक धोका आहे आणि तो लपवून चालणार नाही. वऱ्हाडी बोली ऐकली की हसायचं, अशी सवय पडद्यावरच्या पुष्कळ कार्यक्रमांनी प्रेक्षकाला लावली. तिथे माणूस भोळा, बावळट असतो आणि त्याच्या उच्चारांवर हशा पिकतो. बडे यांच्या कवितेतला हशा याच्या अगदी उलट्या दिशेचा आहे. तिथे बोलणारा शहाणा असतो, प्रसंग वेडावाकडा असतो. कोण हसतं आहे आणि कोणावर, एवढं तपासलं की फरक लख्ख होतो. झडतीतला टोला खालून वर जातो. लेकॉकचा विणकर धाग्याला आणि गिरणीला शिव्या घालतो, शेजारच्या उपाशी विणकराला नाही. 'द स्मिथ्स' च्या गाण्यातला पोरगा स्वतःच्या एकटेपणाची फजिती सांगतो, दुसऱ्याच्या एकटेपणाची नाही. दुसऱ्याच्या घरातल्या मरणावर बाहेरून येऊन विनोद करण्याचा हक्क कोणालाच नाही. आणि चिलगव्हाणच्या त्या घरासारखी काही घरं अशी असतात, की तिथे कोणत्याच गाण्यानं ठेका धरू नये. चांगल्या रचनाकाराला ही हद्द कळते. ती कळते म्हणूनच त्याच्या हसण्यावर आपण विश्वास ठेवतो.

आपली गोष्ट आपणच सांगण्याचं एक उदाहरण यवतमाळनंच पाहिलं. 2019 च्या जानेवारीत तिथे 92 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. उद्घाटक म्हणून लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतल्यानं देशभर वाद झाला आणि अखेर उद्घाटन केलं ते याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी. शेतकरी नवरा गमावलेल्या या बाईंनी श्याम पेठकर लिखित आणि हरीश इथापे दिग्दर्शित 'तेरवं' या नाटकात काम केलं होतं. त्या नाटकात शेतकरी आत्महत्येनं उद्ध्वस्त झालेल्या घरांतल्या बायाच आपली गोष्ट सांगत होत्या. त्या दिवशी साहित्याच्या व्यासपीठावर जे घडलं, ते या पुस्तकाच्या दृष्टीनं फार मोलाचं आहे. ज्यांच्याविषयी लिहिलं जात होतं, त्या बोलायला उभ्या राहिल्या.

पुढच्या प्रकरणांची मांडणी या प्रस्तावनेच्याच क्रमानं आहे. पहिला भाग झडत्यांचा आणि वऱ्हाडी कवितेचा, दुसरा लँकेशायरच्या बोलीतल्या गाण्यांचा, तिसरा 'द क्वीन इज डेड' मधल्या दहाही गाण्यांचा. वाचकाला माझी एकच विनंती आहे: आधी ऐका, मग वाचा. झडत्या ऐकायच्या तर पोळ्याला एखाद्या खेड्यात जावं लागेल. छापील झडतीत जमावाचा गजर नसतो आणि गजराशिवाय ती अर्धीच राहते. अल्बम ऐकताना पहिल्यांदा शब्दांकडे लक्ष देऊ नका. चाल अंगात भिनू द्या. दुसऱ्यांदा शब्द हाती घ्या, आणि आपण कशावर डोलत होतो ते पाहा.

यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी, पांढरकवडा इथल्या पोरापोरींच्या हाती आज गिटार आहे, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायची सोय आहे. 'द स्मिथ्स' ना एका छोट्या लेबलची गरज लागली, यांना तेवढीही लागणार नाही. साहित्य त्यांच्या घरातच आहे: दुबार पेरणी, बोंडअळी, सरकीचे पडलेले दर, पुण्याच्या वसतिगृहात कंठलेले दिवस, लग्न जमेना म्हणून घरात बसलेला भाऊ, आणि या सगळ्यावर आजीनं मारलेला एखादा शेरा, ज्यावर सारं घर हसलं आणि मग गप्प झालं. बोली तिच्या लयीसकट त्यांच्या तोंडात आहे. रॉकच्या ठेक्यावर वऱ्हाडी बसेल का, अशी शंका कोणी घेईल, तर त्यानं एकदा झडती ऐकावी: चार ओळी, ठाम यमक, शेवटाला जमावानं उचललेला गजर. चांगल्या पॉप गाण्याची बांधणी याहून फार वेगळी नसते. तो अल्बम अजून निघालेला नाही. तो यवतमाळातून निघावा आणि निघेल तेव्हा तो कसा ऐकायचा हे आपल्याला आधीच ठाऊक असावं, यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.